मोकळ्या कोपऱ्यावरची सही

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझे कान गरम होतात. नोकरीतले माझे बाकीचे घोटाळे मी मित्रांना रंगवून सांगतो. हा सांगताना हसू मध्येच अडकतं.

भंडाऱ्यात तेव्हा मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी पितळी भांड्यांचे एक दुकानदार फिर्याद द्यायला आले. दुकान फोडून चोराने माल नेला होता. पण हे गृहस्थ मालाविषयी बोलायलाच तयार नाहीत.

"भांडे जाऊ द्या साहेब. माहा फोटो गेला."

त्यांना एकाहत्तरच्या युद्धातल्या वैमानिकांच्या सह्या जमवण्याचा नाद. पितळी फ्रेममधल्या त्या फोटोत लढाऊ विमानापुढे उभे असलेले चार वैमानिक होते. शहरोशहरी त्यांची घरं शोधून तिघांच्या सह्या त्यांनी फोटोवरच घेतलेल्या. त्यातले दोघे आता हयात नव्हते. चौथे नागपुरात, थकलेले, नजर झपाट्याने जात असलेली. खालचा कोपरा त्यांच्यासाठी मोकळा राखला होता.

"दिसते तोवर करून देतो म्हनाले. लवकर पाहा, साहेब."

गुन्हा नोंदवला. लवकरच एका भंगारवाल्याने खबर दिली की एक जण रिकामी पितळी फ्रेम विकायला आला होता. त्याला उचलून आणलं. मी टेबलावर काठी आपटली, आवाज चढवला. त्याने भांडी कबूल केली, पण फोटोचं नाव काढेना. शेवटी आमच्या हवालदाराने त्याच्यापुढे चहा ठेवला. सराईत माणूस ओरडण्याला भीत नाही, चहाने मात्र विरघळतो.

"फोटो कायले नेला बे?"

"फ्रेमसाठी नेला जी. मंग पाह्यलं, वर्दीतले मानसं. फेकाले जीव नाही झाला. घरी धानाच्या ढोलीत ठेवला, पन्नीत गुंडाळून. मिलिटरीचा माल हाये, मोठी केस लागन म्हनून बोललो नाही."

त्याच्या घरच्या भाताच्या कणगीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो मिळाला. त्यावर एक ओरखडा नव्हता. पंच बोलावले, पंचनामा सुरू झाला. जप्त वस्तूवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवायची असते.

"साहेब, डिंक वाळला. चिठ्ठी चिपकून नाही राहिली."

"मग फोटोवरच घ्या सह्या. तो कोपरा मोकळाच आहे."

हवालदार घुटमळला. "फोटोवर, साहेब?"

"आधी तिघांनी केल्यातच ना? आपल्याने काय बिघडतं?"

पंचांनी सह्या केल्या. खाली मी केली, चांगली वळणदार, नावाखाली रेघ ओढून. ठाण्यात आल्यावर गोल शिक्काही मारला. कोपरा कोणासाठी राखलाय ते फिर्यादीत मीच लिहून घेतलं होतं. पण त्या वेळी डोक्यात उद्याच्या वर्तमानपत्रातला माझा फोटो होता.

ओळख पटवायला दुकानदार आले. फोटोवरच्या शिक्क्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग हात जोडून म्हणाले, "भेटला, हेच खूप झालं." त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

न्यायालयाकडून सुपूर्दनाम्यावर फोटो त्यांच्या हाती येईपर्यंत नागपूरच्या वैमानिकांची नजर गेली होती. मी दुकानदारांना माझ्याच गाडीने तिकडे नेलं. माफी मागायची, असं वाटेत मनाशी ठरवलं होतं. पण त्या घरात मी दाराशीच थबकलो. वैमानिकांनी फोटोची कड चाचपली.

"तिघांच्याही आहेत ना?"

"आहेत साहेब."

"माझी जागा कुठे?"

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वैमानिकांचा हात धरून त्यांनी पेन माझ्या शिक्क्यावर टेकवलं. "इथं करा. मोकळी हाये."

सही सावकाश झाली. तिची अक्षरं माझ्या नावावरून गेली.

"एवढी वर्षं माझ्यासाठी जागा राखलीत," वैमानिक म्हणाले. "आभारी आहे."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. आरोपींपुढे गरजणारा मी, 'येतो'ही न म्हणता जिना उतरलो.

पुढे नव्या फौजदारांना मी सांगत असे, मुद्देमालाला हात लावण्याआधी तो फिर्यादीचा काय लागतो ते विचारा. सगळे माना डोलवायचे. त्या जिन्याविषयी मात्र मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. चूक माझी होती आणि ती झाकायला खोटं बोलावं लागलं त्या भल्या माणसाला. गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, ते मला.