ओरिजिनल घराबाहेर काढायचं नाही

आमच्या भोईवाड्याच्या खोलीत बाबांचा एकच कायदा: ओरिजिनल कपाटात, झेरॉक्स पर्समध्ये. आयुष्यभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस तो. मार्कशीटपासून रेशनकार्डापर्यंत सगळं लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, आणि आम्हा भावंडांच्या हाती फक्त लॅमिनेट केलेल्या प्रती.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी आठवडाभर ऑस्ट्रियात होते. तासाभरावर, सीमेपलीकडे जर्मनीत, धाकटा भाऊ राहतो. नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचं बारसं, आणि मी एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात कुर्र करून नाव मी नाही सांगायचं तर कोणी? ऑफिसातले म्हणाले, इथे सीमेवर कोणी काही विचारत नाही, खुशाल जा. म्हणजे दादरहून परळला जाण्यासारखंच की! पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवला, झेरॉक्स पर्समध्ये टाकली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ऐटीत बसमध्ये बसले.

सीमेवरच्या पुलावर बस थांबली आणि पोलीस चढले. तात्पुरती तपासणी म्हणे. मी झेरॉक्स पुढे केली. पोलीसबाईने ती उलटसुलट करून पाहिली आणि खरा पासपोर्ट मागितला. म्हटलं, हरवू नये म्हणून हॉटेलात ठेवलाय. बाई हसली, पण मला उतरवलंच. ही तात्पुरती तपासणी कित्येक वर्षं चालू आहे, हेही तिनेच सांगितलं. आमच्या चाळीला लावलेले टेकूसुद्धा असेच तात्पुरते आहेत.

बस माझ्याशिवाय गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाला फोन करून म्हटलं, मुहूर्त टळेल, भावजयीच्या एखाद्या मैत्रिणीला आत्या कर.

"पाळणा सजलाय," तो म्हणाला. "पण नाव तू आल्यावरच. तोवर राहू दे पोर बिननावाची."

परत गेले, पासपोर्ट घेतला आणि पाच वाजता एकदाची पोहोचले. मोबाईलवर, व्हिडिओ कॉलवर, बाबा दुपारपासून इस्त्रीच्या शर्टात, भोईवाड्याच्या त्या खोलीत एकटेच बसून होते. मी कुर्र केलं, नाव सांगितलं, रीतसर पाठीत धपाटे खाल्ले. भावाचा धपाटा असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. धपाट्यानेच आलं, असं मी सगळ्यांना सांगत राहिले.

मग भावाने बाबांना विचारलं, मुलीचा जन्मदाखला आलाय, झेरॉक्स किती काढू? बाबांनी मान वळवून मागच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं.

"ओरिजिनल जवळ ठेवा रे," ते म्हणाले. "मी इथे नुसतं कपाट राखत बसलोय."