मशीन बंद, पाइप सातशेवीसवर

आधीच सांगते, अशा गोष्टी मानणाऱ्यांतली मी नाही. आमचं घर इचलकरंजीशेजारच्या कबनूरचं, बौद्ध. घरात नवस नाही, अंगारा नाही, दाराला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. कुणी भुताखेताचं काढलं की आई म्हणते, "दोन पाळ्या माग चालवून बघ, भूत बघायला येळ ऱ्हातोय का." घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्यामुळे हे इथे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले... पण जे झालं ते भर दुपारी, चार माणसांत झालं, म्हणून लिहिते.

मागच्या गळीत हंगामाआधी मला कागलच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात ट्रेनिंग मिळालं. तिथे वीजनिर्मितीसाठी नवा बॉयलर बसत होता आणि कंत्राटदाराकडे वेल्डर म्हणून माझे सख्खे चुलते होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आधी ते इचलकरंजीत यंत्रमागांचे मोडलेले पार्ट जोडून द्यायचे. वाफेच्या अलॉय स्टील पाइपवर काम करायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

आणि नेमका त्यांचाच एक जॉइंट एक्स-रेत दोनदा नापास झाला. पहिल्यांदा आत मुळाशी धातू नीट एकजीव झाला नव्हता. ग्राइंडरने तेवढा भाग कोरून काढला, पाइप गरम करून पुन्हा भरला. दुसऱ्या फिल्मवर स्लॅगची, म्हणजे वेल्डिंगच्या मळीची, बारीक रेघ दिसली. बाकीचे वेल्डर लगेच सुरू झाले, की आप्पा, मळी उसाच्या रसातनं काढायची असती, पायपात भरायची नसती. आप्पाही हसले, पण उसनं.

कारण त्या साइटवर एक जॉइंट दोनदाच दुरुस्त करायला मिळायचा. ही दुसरी दुरुस्ती. यातही खोट निघाली तर पाइप कापायचा आणि आप्पांनी अलॉयचं काम सोडून जिन्याचे कठडे जोडायला जायचं. साइट इंजिनियर जाधवसाहेबांनी हे सगळ्यांसमोरच सांगितलं होतं.

आप्पांनी जॉइंट पुन्हा भरला. आता हीट ट्रीटमेंट राहिली होती. अलॉय स्टीलचं वेल्डिंग झालं की आत ताण राहतो, जॉइंट ठिसूळ होतो. म्हणून त्यावर विजेच्या कॉइल गुंडाळायच्या, वरून जाड सिरॅमिकची गोधडी बांधायची, हळूहळू तापवून सातशेवीस अंशांवर ठरलेला वेळ धरायचं आणि मग तितकंच हळू निववायचं. मध्येच गार झाला तर सगळं वाया. गंमत म्हणजे बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही. वेल्डर नुसता बसलेला असतो.

आप्पा वर प्लॅटफॉर्मवर बसले होते. खरं तर त्यांचं तिथे काही काम नव्हतं, पण तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसावं तसे पाइपाशी बसून काहीतरी पुटपुटत होते. मी बाजूच्या पत्र्याच्या खोलीत तापमानाचा डिस्प्ले बघत होते. खाली जुन्या बॉयलरच्या अग्निप्रदीपनासाठी, म्हणजे हंगामाआधी तो पेटवण्याच्या समारंभासाठी, मंडप घालणं चाललं होतं.

पाइप सातशेवीसला पोचला आणि थोड्याच वेळात खाली स्पीकर सुरू झाला. वरातीतली गाणी, एकामागून एक. त्याआधी आकडा चार-पाच अंश खाली-वर होत होता. आता जागचा हलेना. ७२०. पाइपावर तीन ठिकाणी तापमान मोजायच्या तारा लावल्या होत्या, तिन्हींचा आकडा ७२०. मला वाटलं, वा, किती गुणी पाइप!

तासाभराहून जास्त गेला. गाण्यांनी डोकं उठलं, म्हणून आवाज कमी करा सांगायला मी खाली गेले. वाटेत हीटिंगचं मशीन लागतं. त्याची घरघर नाही, दिवे नाहीत. त्याची जाड केबल बोर्डापासून सुटून मातीत पडली होती आणि तिच्या जागी मंडपवाल्याची वायर.

मी ओरडतच मंडपात गेले. मंडपवाला मात्र मजेत होता.

"ताई, कुणाचं काम आडवलं न्हाय. वेल्डर तर वर नुस्ता बसून हाय की. म्हटलं मशीन रिकामंच हाय, तर लावू गाणी."

"कधी काढली केबल?"

"गाणी लागली तवाच की."

डिस्प्ले वेगळ्या छोट्या प्लगवर होता, म्हणून मला कळलंच नाही. मी पळत वर जाऊन आप्पांना सांगितलं. पटकन केबल जोडून टाकावी असं मला वाटत होतं... आकडा तर बरोबर आहे ना. आप्पांनी खोलीत येऊन आकडा बघितला. मग म्हणाले, "सायबास्नी बोलव. ते येस्तवर केबल जोडू नगा."

जाधवसाहेब आले. मशीन बघितलं, डिस्प्ले बघितला, म्हणाले, डिस्प्ले अडकला असेल. मग खिशातून तापमानाचा खडू काढला. हा खडू ठरावीक तापमानालाच वितळतो आणि त्यांच्याकडे सातशेचा होता. गोधडीची कड उचलून त्यांनी तो वेल्डजवळ टेकवला. लोण्यासारखा वितळला. साहेबांनी खडूवरचा आकडा वाचला, परत टेकवला. परत वितळला.

"आप्पा, काय केलंत तुम्ही?"

"बसलोतो."

"नुसते?"

"त्याला म्हटलं, दम धर लेका, आजच्या दिवस."

सगळे हसले. साहेबही हसले, पण खडू हातात तसाच धरून उभे होते.

केबल जोडली, मशीन घरघरलं आणि आकडा लगेच पहिल्यासारखा खाली-वर व्हायला लागला. राहिलेला वेळ पुरा करून पाइप हळूहळू निववला. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉइंटचा कठीणपणा मोजला. ताण उतरला नसता तर आकडा जास्त आला असता. आला अगदी मापात. तरी साहेब पास करेनात. म्हणाले, "रिपोर्टात काय लिहू? बिनविजेची हीट ट्रीटमेंट झाली? परत करा."

आप्पांचा जीव पुन्हा टांगणीला. पुन्हा कॉइल, पुन्हा गोधडी. या वेळी बोर्डाच्या राखणीला मंडपवाला आपणहून बसला, सगळ्यांना चहा पाजून. सगळं शिस्तीत पार पडलं. पाइप निवल्यावर परत कठीणपणा मोजला, तर आदल्या दिवशीचाच आकडा. म्हणजे दुसऱ्या खेपेला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक्स-रेही स्वच्छ आला. साहेबांनी आप्पांना पुढचे जॉइंटही दिले.

कॉलेजात सरांना विचारलं. त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. वीज गेल्यावर तेवढ्या वेळात पाइप चांगलाच उतरायला हवा, गोधडी कितीही जाड असो. सर म्हणाले, केबल इतका वेळ सुटलेली नसणारच. पण गाणी तर अख्ख्या कारखान्याने ऐकली होती. गणित मी घरी येऊन पुन्हा सोडवलं, बरोबर आहे. खडू वितळला तेही मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ही दोन्ही एकत्र कशी बसवायची ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर खरंच सांगा.

आप्पांना मी परवा परत विचारलं. ते म्हणाले, "सायबानं पास केला न्हवं? मग तू कशाला नापास कराय बसलीस?"