सारक्काचा उजवा कान

सारक्काचा डावा कान ती सात वर्षांची असताना गेला. मुलुगूच्या पुढे जंगलाला लागून त्यांचं गाव. त्या उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या पोरांना गालगुंड झालं. बाकीच्यांची सूज उतरली आणि ती पोरं पुन्हा चिंचा पाडायला पळाली. हिचीही सूज उतरली, पण डावीकडून काही ऐकू येईना. आईबापाच्या हे लक्षात यायला वर्ष गेलं. मास्तरांना तर ती उद्धटच वाटायची. वर्गात मुलगे डाव्या भिंतीकडे, मुली उजव्या भिंतीकडे. म्हणजे हिचा मेलेला कान अख्ख्या वर्गाकडे. मास्तरांनी विचारलेलं कळायचं नाही, उत्तर यायचं नाही, की छडी. एक दिवस ती उठली आणि मुलग्यांच्या बाकाच्या टोकाला, डाव्या भिंतीला चिकटून बसली.

"तिकडे कुठे चाललीस? लाज आहे का नाही?" मास्तर ओरडले.

"मला तुमचं इथूनच ऐकू येतं. मारायचं तर इथे मारा," ती म्हणाली.

वर्ष संपेपर्यंत ती तिथेच बसली.

हे सगळं तिने मला काम करता करता सांगितलेलं. मी सदानंदम, घड्याळं दुरुस्त करतो. हनमकोंड्याच्या चौरस्त्यामागच्या गल्लीत माझं दुकान बत्तीस वर्षांचं आहे. तेव्हा गल्ली रेडिओ आणि घड्याळांची होती, आता एक माझं दुकान सोडलं तर सगळी मोबाइलची. मनगटं रिकामी झाली तसं माझं अर्धं काउंटरही रिकामं झालं, आणि त्या अर्ध्यावर सहा वर्षांपूर्वी सारक्का येऊन बसली. बायकांसाठीचा तीन महिन्यांचा दुरुस्तीचा कोर्स केला होता. कोर्स पंधराजणींनी केला, दुकान थाटलं हिने एकटीनेच.

तिच्या लग्नाची गोष्ट तर माझ्या घरातही अजून सांगतात. स्थळ बघायला आलं तेव्हा आईने तिला बजावलं होतं, कानाचं अवाक्षर काढायचं नाही. सगळे चहा पीत असताना हिने नवऱ्या मुलाला, ओदेलूला, सगळ्यांदेखत सांगितलं, "माझा डावा कान बंद आहे. गोड बोलायचं असेल तर उजवीकडून या. भांडायचं असेल तर डावीकडून आलात तरी चालेल." मुलाचा मामा बशी खाली ठेवून उठायलाच लागला. ओदेलू एवढा हसला की चहा शर्टावर सांडला. तो बस चालवतो. म्हणतो, डाव्या बाजूने पुष्कळ बोलून घेतो मी.

आमच्या गल्लीत पडदा फुटला, बॅटरी फुगली, फोन पाण्यात पडला, असं काम दहा ठिकाणी होतं. पण एका बाजूने आवाज येत नाही, डावीकडचा बारीक आणि उजवीकडचा मोठा येतो, अशा किरकिऱ्या तक्रारी कुणाला नकोच असायच्या. त्यात मिळकत थोडी आणि वेळ फार. "नवा हेडफोन घ्या," म्हणून मोकळे व्हायचे. सारक्काने नेमकं तेच काम उचललं.

गल्ली हसली. सगळ्यात मोठ्याने हसला ऐलय्या. कोपऱ्यावरचं दोन शटरचं दुकान त्याचं, आणि गल्लीच्या संघाचा अध्यक्षही तोच. "एककानी बाई लोकांचं डावं-उजवं तपासणार! उद्या आंधळा येऊन टीव्हीचे रंग जुळवेल," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा.

सारक्काला हे ऐकू गेलं. तो तिच्या उजव्या बाजूलाच उभा होता.

"ऐलय्याअण्णा," ती हातातली पकड न सोडता म्हणाली, "तुमचे दोन कान सारखे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही डावी बाजू डाव्या कानाने ऐकता आणि उजवी उजव्याने. फरक फोनचा की कानांचा, कसं कळतं तुम्हाला? मी दोन्ही बाजू एकाच कानाने ऐकते. माझं माप एकच आहे."

मी आयुष्यभर घड्याळं जुळवली, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ऐलय्याच्याही आली नसावी, कारण तो तसाच वळून आपल्या दुकानात गेला.

तिची पद्धत ठरलेली. आधी तेच हेडफोन दुसऱ्या फोनला लावायचे, म्हणजे खोट फोनमध्ये की हेडफोनमध्ये ते कळतं. मग टॉर्च मारून जॅकच्या भोकात बघायचं. शर्टाच्या खिशातला कापूस तिथे असा ठासून बसलेला असतो की पिन पूर्ण आत जातच नाही. लाकडी काडीने तो उकरून काढायचा. कानात घालायच्या बोंडांची जाळी मळाने भरली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने साफ करायची. बिनवायरचे असतील तर फोनमधली जुनी जोडणी पुसून नव्याने जोडायची. आणि सेटिंगमध्ये आवाजाचा तोल दाखवणारी जी पट्टी असते, तिचा ठिपका मध्यावर आहे का ते बघायचं. "दहातल्या चार जणांचा ठिपकाच सरकलेला असतो बापू," ती मला म्हणायची. एवढ्यावर भागलं नाही तरच ती फोनला स्क्रू ड्रायव्हर लावायची.

गेल्या वर्षी उन्हं तापायला लागली होती तेव्हा बुच्चिरेड्डी त्याच्या मुलीला घेऊन आला. कापसाचा मोठा अडत्या. मुलगी संहिता, बारावीची, इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी. सगळी शिकवणी फोनवर. डावीकडून आवाज येत नाही, आणि आता तर उजवीकडूनही नाही, ही तक्रार. ऐलय्याने तिला दोन हेडफोन विकले होते, मग फोन उघडून जॅकची पट्टी बदलली होती, तरी फरक नाही. त्या दिवशी ऐलय्याचं दुकान बंद होतं म्हणून हे इकडे आले.

सारक्काने फोन घेतला. ठिपका पार डाव्या टोकाला. डावीकडचा आवाज वाढावा म्हणून ऐलय्याच्या माणसाने तो तिकडे ढकलला होता, त्यामुळे पोरीला उजवीकडून येत होतं तेही बंद पडलं होतं. तिने ठिपका मध्यावर आणला. मग एक बोंड आपल्या उजव्या कानात, ते काढून दुसरं त्याच कानात. दोनदा, तीनदा.

"दोन्ही सारखी वाजतायत," ती म्हणाली. "संहिता, आता उलटी घाल. डावं उजव्या कानात."

मुलीने घातली. तिचे डोळे मोठे झाले. "अक्का, डावं वाजतंय!"

"आणि उजवं?"

"उजवं बंद पडलं."

सारक्का काउंटरवरून पुढे वाकली. मग हलक्या आवाजात विचारलं, "फोन आला की कुठल्या कानाला लावतेस?"

"ह्या." मुलीने उजव्या कानाला हात लावला.

"डाव्याला कधी?"

संहिता मान खाली घालून म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. तेव्हापासून नाही."

"बुच्चिरेड्डीगारू, फोनला काही झालेलं नाही," सारक्का म्हणाली. "हिला कानाच्या डॉक्टरकडे न्या. आजच न्या."

बुच्चिरेड्डीचा चेहरा तांबडा झाला. "माझ्या मुलीला बहिरी म्हणतेस? भर बाजारात? स्वतःचा कान गेला म्हणून सगळे तसेच दिसायला लागले काय?" त्याने फोन हिसकावला आणि मुलीला दंडाला धरून ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबा उघडला होता. तांदळाच्या पिठाची, थालीपिठासारखी तव्यावरची सर्वपिंडी होती, तिच्या सासूने दिलेली. तेवढ्यात ऐलय्या आला. मागे बुच्चिरेड्डी, आणि गल्लीतले सहा-सात दुकानदार.

"सारक्का, माफी माग," ऐलय्या म्हणाला. "मोठ्या घरची पोर आहे. उद्या तिचं लग्न व्हायचंय. तू गल्लीचं नाव घालवलंस. आणि सदानंदम, तू हिला उठव. संघाचं म्हणणं आहे हे."

मी खरं सांगतो, मी घाबरलो. माझं वय झालं होतं, संघाशी वैर घेऊन मी काय करणार होतो? मी चष्मा पुसत बसलो. एक काच मी किती वेळ पुसली असेल ते मल्लन्ना देवालाच ठाऊक.

सारक्काने हात धुतले, पदराला पुसले आणि काउंटरबाहेर आली.

"माफी कशाची? फोन नीट आहे म्हणाले त्याची?" ती म्हणाली. "ऐलय्याअण्णा, तुम्ही दोन हेडफोन विकलेत. फोन उघडलात, धड असलेली पट्टी काढून नवी बसवलीत. त्याआधी एकदा, फक्त एकदा, ती बोंडं उलटी घालून पाहिलीत का?"

मागचे दुकानदार एकमेकांकडे बघायला लागले. ही तर कुणीही करावी अशी तपासणी, आणि त्यांच्यापैकीही कुणी ती करत नव्हतं.

"आणि बुच्चिरेड्डीगारू, लग्नाचं म्हणाल तर ऐका." आता तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. "माझा डावा कान मेलेला आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे, नसेल तर आता कळू दे. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, माझा धंदा आहे. ज्या घराला तुमच्या मुलीचा एक कान नको, त्या घरात मुलगी द्यायला तुम्हाला कशी हो लाज वाटत नाही? त्यांच्यापासून लपवायचं म्हणून डॉक्टरपासून लपवणार? माझ्या आईबापाने वर्ष घालवलं, त्यांना कळत नव्हतं. तुम्हाला तर कळलंय!"

"तोंड सांभाळून बोल," बुच्चिरेड्डी म्हणाला, पण आवाजात कालचा जोर नव्हता.

"तोंडच सांभाळतेय. खोटं बोलायला लावू नका त्याला." मग ती माझ्याकडे वळली. "बापू, दुकान तुमचं आहे. सांगा, उठू का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बस," मी म्हणालो. त्याहून जास्त मला काही सुचलं नाही. पण त्या एका शब्दानंतर ऐलय्या दोन महिने माझ्याशी बोलला नाही, म्हणजे तो पुरला असावा.

पाचव्या दिवशी सकाळी संहिता एकटी बसने आली. बाप डॉक्टरकडे घेऊन गेला होता तिला, भांडण झालं त्याच संध्याकाळी. आतली नस गेली आहे, ताप आला तेव्हाच आला असतात तर काही करता आलं असतं, आता आशा कमी, असं डॉक्टर म्हणाले. सांगताना ती रडली नाही. तिच्या जबड्याची शीर तेवढी ताठ झाली होती.

"अक्का, आता काय करू?"

"आता फोन काढ. मी हात लावणार नाही, तूच कर."

सारक्काने तिला सेटिंगमधली सोय दाखवली. मोनो ऑडिओ म्हणतात तिला. डावी-उजवी दोन्हीकडचा आवाज एकत्र होतो आणि प्रत्येक बोंडात सगळाच्या सगळा येतो. "तोलाचा ठिपका उजवीकडे ढकलू नकोस," तिने बजावलं. "त्याने डावीकडचं फक्त कमी होतं, इकडे येत नाही. ठिपका मध्येच ठेव आणि हे चालू कर."

संहिताने ते चालू केलं आणि तिचीच एक जुनी शिकवणी लावली. ऐकता ऐकता तिने झटकन मान वर केली.

"ह्यात मुलं प्रश्न विचारतायत!"

त्या शिकवणीत सरांचा आवाज एका बाजूला आणि वर्गातल्या मुलांचा दुसऱ्या बाजूला होता. संहिताने सगळं वर्ष नुसती उत्तरं ऐकली होती. सर मधेच "हो, बरोबर विचारलंस" का म्हणतात, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

"अर्धंच ऐकत होते मी!" तिने काउंटरवर मूठ आपटली, माझे दोन स्क्रू उडून खाली गेले. "इतके दिवस! आणि मला वाटायचं, मीच ढ आहे."

"चीड," सारक्का म्हणाली. "चिडायलाच पाहिजे. पण आधी ते बंद करून परत चालू कर. पाच वेळा. उद्या फोन बदललास तर कुणाच्या दारात जायला नको."

पोरीने पाच वेळा केलं. मग आमच्या त्या दिवशीच्या डब्यातली सर्वपिंडी खाल्ली आणि परीक्षेच्या अभ्यासाला निघून गेली. पुढे तिला कॉलेज मिळालं, हवी ती शाखा मात्र मिळाली नाही, त्यावर ती अजून कुरकुरते. बुच्चिरेड्डी पुन्हा कधी आला नाही. आभार नाहीत, माफीही नाही. सारक्काने वाटही पाहिली नाही.

ऐलय्याने मात्र आपल्या दुकानावर नवी पाटी लावली: 'येथे दोन्ही कानांनी तपासले जाते.' गल्ली आठवडाभर हसली. सोमवारी सारक्काने पुठ्ठ्यावर रंगाने लिहिलं आणि आमच्या काउंटरला टांगलं: 'इथे एकाच कानाने तपासले जाते.' लोक वाचून थांबायला लागले. त्यात एका कानाने ऐकणारेही निघाले. एक तबलजी, एक गिरणीतला म्हातारा, एक पोलीस. कुणाला सांगायची सोयच नव्हती त्यांना.

मागच्या महिन्यात हैदराबादहून हेडफोनची पेटी आली, पन्नास नग. सारक्काने पहिले दोन कानाला लावले आणि बाकीचे अठ्ठेचाळीसही एकेक करून तपासले. सगळ्यांच्याच डाव्या बोंडावर उजव्याची खूण आणि उजव्यावर डाव्याची. तिने घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला.

"अगं बाई, कोण एवढं बघतं?" तो पलीकडून हसला. "लोक गाणी ऐकतात आणि सोडून देतात. विकून टाक."

"मी नाही विकत. पेटी उचलून न्या."

"भाडं कोण देणार?"

"ज्याने खुणा उलट्या केल्या तो," ती म्हणाली. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने फोन डाव्या कानाला लावून खांद्याने धरला आणि पेटीला सुतळी बांधायला घेतली.