दाराआडची काळी पट्टी

चहा आधी संपवा, मग सांगतो. तोंडात घोट असला तर तो माझ्याच अंगावर उडेल. वीस वर्षं मी रायपुरात व्हायोलिन आणि पियानो शिकवतो आहे. एवढ्या वर्षांत गाढवपणा पुष्कळ केला, पण दुसऱ्याच्या नोकरीवर उठावं असा एकदाच.

करुणा गजभिये माझी विद्यार्थिनी. बीरगांवची, बावीस वर्षांची. वडील सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये क्रेन चालवतात. घराजवळच्या शाळेने तिला संगीत शिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, पियानोच्या परीक्षेचं सर्टिफिकेट याच वर्षी हवं. परीक्षा हुकली की नोकरी गेली.

परीक्षा सदर बाजारात, वाद्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत. परीक्षक मॅडम बाहेरगावच्या. आत त्या आणि परीक्षार्थी, शिक्षकाने बाहेर बाकावर बसायचं, असा नियम. आता मला सांगा, बाकावर बसून राहणं शिक्षकाला जमतं का? पूर्वी माझी बायको सोबत यायची. दार बंद झालं की ती मला काहीतरी आणायला खाली पिटाळायची, कधी पेन, कधी पान. मागच्या दिवाळीआधी ती गेली. यंदा पिटाळणारं कोणी नव्हतं, म्हणून मी त्या दारासमोर येरझारा घालत होतो.

करुणाचे वडील, गजभिये, ड्यूटी बदलून आले होते, मांडीवर डबा घेऊन बसले होते. शेवटी तेच म्हणाले, "सर, बसा नं. तुमाले पाहून मलेच घाम फुटून राहिला."

मी बसलो आणि लगेच उठलो. काळजीचं कारणही तसंच होतं. करुणाच्या तिसऱ्या धुनेत एक काळी पट्टी आहे. ती विसरून ही पोट्टी हमखास शेजारची पांढरी दाबते. सहा महिने मी तेच ओरडत आलो होतो: काळी, करुणा, काळी!

खाली स्कूटरचे हॉर्न, डोक्याशी कूलरची घरघर. पहिली धून नीट झाली. दुसरीही झाली. तिसरी कधी वाजली की वाजलीच नाही, त्या गोंगाटात काही कळेना. मग जरा शांतता. आणि पियानोवर तिसऱ्या धुनेसारखीच एक लहानशी ओळ वाजली. काळी पट्टी गायब! पुन्हा तीच ओळ, पुन्हा काळी नाही, शिवाय या वेळी मधेच अडखळली. संपलं, म्हटलं. पोट्टी घाबरली.

गजभियेंनी बहुतेक माझी बाही धरली होती. ती सोडवून मी दार उघडलं आणि वर्गातल्या आवाजात ओरडलो, "काळी, करुणा, काळी पट्टी!"

आत काय दिसावं? करुणा पियानोकडे पाठ करून, हात मागे बांधून, खिडकीकडे तोंड करून उभी. आणि पियानोवर बसल्या होत्या मॅडम.

अहो, ती कानाची परीक्षा होती! परीक्षक एक ओळ वाजवतात, मग तीच ओळ मुद्दाम काहीतरी बदलून वाजवतात, आणि मुलांनी न बघता काय बदललं ते सांगायचं. मी स्वतः शेकडो मुलांकडून हे करून घेतलं आहे. आणि मी चक्क परीक्षकांनाच काळी पट्टी शिकवायला गेलो होतो.

मॅडमनी शांतपणे विचारलं, आपण कोण. मग नियमांचा कागद काढून वाचून दाखवला: बाहेरून उत्तर सांगितलं गेलं, तर परीक्षा रद्द. मी म्हणालो, मला वाटलं हीच वाजवते आहे. त्या म्हणाल्या, कोणाला काय वाटलं, याचं नियमात काही नाही. गजभिये दारात डबा छातीशी धरून उभे होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मॅडम करुणाकडे वळल्या. "बेटा, क्या बदला था?"

"सुर तो वही थे मैम. दूसरी बार बीच वाला सुर ज्यादा देर रुका."

"और सर जो काली पट्टी बोले?"

"वो तो सर हमेशा बोलते हैं."

मॅडम हसल्या नाहीत. लिहायला लागल्या. मग निकाल दिला: बाहेरून सांगितलेलं उत्तर साफ चुकीचं होतं, परीक्षार्थीला त्याचा काडीचाही उपयोग झालेला नाही, सबब परीक्षा ग्राह्य. खाली माझी सही घेतली. वीस वर्षं लोकांचे कान तयार करणाऱ्या माणसाने, आपला कान चुकला, हे लिहून दिलं! आणि खरं सांगतो, एवढ्या घाईने मी कशावरच सही केलेली नाही. न जाणो, मॅडमचा विचार बदलायचा.

करुणा चांगल्या गुणांनी पास झाली, शाळेत रुजूही झाली. गजभियेंनी पाराभर, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, पेढे वाटले आणि प्रत्येक दारात माझी तारीफ केली. "सर लय भारी शिकवते भाऊ. माह्या पोट्टीनं त्याइचं आयकलं नाही, म्हणून पास झाली."

त्या तारिफेवर बीरगांवहून तीन नवी मुलं माझ्याकडे शिकायला आली आहेत. तिघंही भलतीच होतकरू. एकही माझं ऐकत नाही.