तळहातावरचा हुरडा

पोतं गाडीत घ्यायला कंडक्टर तयार नव्हता आणि पोत्याशिवाय मला पाठवायला आबा तयार नव्हते. निलंग्याच्या स्टँडवर सकाळी सकाळी हा तमाशा चाललेला, आणि मी खिडकीशी मान खाली घालून बसलेले. अंगावर नवा ड्रेस, मांडीवर आयटीआयच्या सर्टिफिकेटची फाइल, फाइलमध्ये चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून रुजू व्हायचं पत्र, आणि बाहेर माझा बाप एका ज्वारीच्या पोत्यासाठी भांडतोय. "आवो साहेब, हे सामान न्हाई. माझ्या लेकीचं वर्साचं जेवण हाय," आबा म्हणाले. शेवटी गाडीतल्याच दोघा-तिघांनी मध्ये पडून पोतं आत ओढलं आणि माझ्या पायाशी आणून टाकलं. गाडी हलली तशी माय रडायला लागली. आबा रडले नाहीत. ते खिडकीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "हुरड्याला ये."

गावाकडच्या माणसांनो, तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण माझ्यासारख्या कंपनीच्या बसमध्ये पेंगत चाकणला जाणाऱ्या पोरींपैकी कुणी हे वाचत असेल, आणि हुरडा म्हणजे तिकीट काढून जायची पार्टी असं तिला वाटत असेल, तर तिच्यासाठी सांगते. ज्वारीचे दाणे भरलेत पण अजून मऊ आहेत, अशा दिवसांत कणसं खुडायची, शेतातच खड्डा करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची. त्या खड्ड्याला आगटी म्हणतात. भाजलेलं कणीस तसंच गरम गरम तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि उरतात ते हिरवे, गोड दाणे. आमच्या घरची रीत अशी की चोळणाऱ्यानं आधी स्वतः खायचं नाही, दुसऱ्यापुढं हात करायचा. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून आबांचा हुरडा मीच चोळायची. दुसऱ्या कुणी चोळला तर ते नावं ठेवायचे. "पोरीच्या हाताला गोडी हाय," म्हणायचे. त्यासाठी बांधाकडेला दोन ओळी गुळभेंडीच्या वेगळ्या पेरायचे, कारण हुरड्याला गुळभेंडीसारखी ज्वारी नाही.

कंपनीची बस जिथून मिळायची त्या काळेवाडीत आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. पहिले दोन महिने मी इमानदारीत भाकरी केली. पण खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना पहाटेचं थापणं सहन होईना, आणि डब्यातली भाकरी दुपारपर्यंत वाळून कडक व्हायची. कंपनीत लाइनवरच्या पोरी हसायच्या. "अगं, ही मोडायला पक्कड लागेल," असं एक जण म्हणाली आणि मला ते लागलं. मग मी जे केलं ते आमच्यासारख्या अर्ध्या कच्च्या शहरी माणसालाच सुचतं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्या चाचांना ते पोतं देऊन टाकलं आणि बदल्यात गव्हाचं तयार पीठ घेत राहिले. पुढच्या वर्षी सुगीनंतर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून दुसरं पोतं आलं, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं, मग चौथं. एकही मी वर खोलीत चढवलं नाही.

आबा फोनवर विचारायचे, "जवारी पुरली का?" मी म्हणायची, पुरली. "भाकरी करतीस न्हवं?" करते की. सांगायला काय जातंय. खरं म्हणजे चपाती करायचाही मला कंटाळा यायचा. सकाळी खारी किंवा टोस्ट चहात बुडवून, दुपारी कधी डबा, कधी कँटीन, सुटल्यावर स्टॉपवर मंचुरियन, नाहीतर खोलीवर नूडल्सचं पाकीट. माझ्या पगारावर मी मनाला येईल ते खात होते आणि याला मी सुधारणा म्हणत होते.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात तळहाताला खाज सुटली. आधी बारीक पाण्याचे फोड, मग कातडी सोलून निघायला लागली, मग भेगा. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवसांत हात साफ. मी खूश. ट्यूब संपली तशी खाज दुपटीनं परत आली, आणि मी पुन्हा ट्यूब आणली. असं महिनोनमहिने चाललं. आमचं काम बारीक वायरींना टर्मिनल बसवायचं, सगळा खेळ बोटांचा. मी हातमोजे घालून बसायला लागले. कुणीतरी नायटा म्हटलं, आणि मग डब्याच्या वेळी माझ्या भाजीकडं कुणाचा हात येईना.  सगळ्यांसाठी नेलेली भाजी डब्यात तशीच परत यायला लागली.

तशाच हातांनी मी त्या हिवाळ्यात हुरड्याला गेले. जायला नको होतं, पण आबांचं रोज सुरू होतं, "कधी येलालीस? दाणं टणक व्हायलेत." आगटीभोवती सगळे बसले होते. मी सवयीनं कणीस उचललं, चोळलं, आणि शेजारी बसलेल्या चुलतीपुढं हात केला. तिनं माझ्या तळहाताकडं पाहिलं आणि स्वतःचा हात पदराखाली घेतला. "ऱ्हाऊ दे बाई, मी चोळून घेते माझं," म्हणाली. तिनं वाईट हेतूनं केलं नाही, हे मला आज कळतं. पण तो हुरडा माझ्या हातावर तसाच राहिला. आबा समोरच होते. त्यांनी पाहिलं. ते काही म्हणायच्या आत मी दाणे निखाऱ्यात टाकले आणि उठले. दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइमचं कारण सांगून निघून आले. पुढच्या जानेवारीत गेलेच नाही. फोनवर सांगितलं, शिफ्ट बदलली. खोटं बोलायला आता सराव झाला होता.

त्या उन्हाळ्यात हात इतके चिरले की वेणी घालता येईना. खोलीतली सीमा, कोकणातली, तीच मला ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी सांगितलं, हा इसब आहे, नायटा नाही, हा कुणाला लागत नाही. इतके दिवस लावलेल्या ट्यूबबद्दल त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. मग विचारलं, "गावाकडं काय खायचीस?" मी सांगितलं, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ताक, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. "आणि तेव्हा हात कसे होते?"  हात होते एवढंच आठवत होतं. हात कसे आहेत हे बघायची तेव्हा वेळच आली नव्हती.

त्यांनी स्पष्ट सांगितलं की भाकरी हे औषध नाही. मलम त्या देतील तसंच आणि तेवढेच दिवस लावायचं, रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालायचे. पण कुणाकुणाला खाण्यातल्या एखाद्या गोष्टीनं हे उसळतं. म्हणून सहा आठवडे बेकरीतलं आणि पाकिटातलं सगळं बंद करून पाहायचं, घरी खायचीस तेच खायचं, आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करून कशानं त्रास होतो ते बघायचं.

तिथून निघाले ती थेट गिरणीत. "चाचा, ज्वारी आहे का?"

"हाय की. पन तुला कशाला? तू तर आनून देती."

"खायला."

चाचा आधी हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या हातावरच्या पट्ट्यांकडं गेलं. त्यांनी गिरणी बंद केली, आत गेले आणि एक अर्धं पोतं ओढत आणलं. त्यावर आबांच्या हातची निळ्या दोऱ्याची शिवण होती. "ही तुझीच हाय बघ. तीन साल आमच्या घरात तुझ्या बापाची जवारी खाल्ली. आमची बीवी म्हनती, ऐसी मीठी ज्वार बाजारात न्हाई मिळत." मी त्या शिवणीकडं बघत राहिले. डोळे पुसायला बोटं वापरता येत नव्हती, म्हणून बाहीनं पुसले. चाचांनी माझ्याकडं न बघता ज्वारी भरडायला घातली. "पीठ नको आत्ता. या हातांनी तू थापनार कशी? भरडून देतो, कन्या शिजवून खा, ताक घालून."

त्या संध्याकाळी कण्या शिजल्या तेव्हा खोलीत आमच्या घराचा वास भरला. एरवी काळेवाडीत शेजारच्या वर्कशॉपमधल्या ऑइलचा वास असतो. मी ताटलीसमोर बसले आणि माय आठवली. तिचं जेवताना नेहमीचं एक वाक्य असायचं, "दमानं खा, अंगी लागलं पाहिजे." तीन वर्षं मी तिला सोडून नव्हे, तिच्या ताटाला सोडून राहिले होते, आणि ते मला कुणी सांगायला आलं नव्हतं.

हात काही जादूनं बरे झाले नाहीत. महिनाभर फरकच पडला नाही आणि मी डॉक्टर मॅडमना मनात दोन-चार शिव्याही दिल्या. मग भेगा भरायला लागल्या. एकीच्या वाढदिवसाला केक खाल्ला, तिसऱ्या दिवशी पुन्हा फोड. पुढं टोस्ट खाऊन पाहिला, तेच. ते कायमचं सोडलं. मलमानं किती झालं, मोज्यांनी किती आणि ज्वारीनं किती, हे मी छातीठोक सांगणार नाही. भाकरी तेवढे दिवस सीमानं थापली. तिला तांदळाच्या भाकरीची सवय, ज्वारीची तिच्या हातात फाटायची. "अगो, तुमची ही भाकरी माझ्यावर राग धरून आहे," म्हणायची. तुकडे झालेली ती भाकरी मी आवडीनं खाल्ली. दिवाळीनंतर एके सकाळी मी परातीत पीठ घेतलं आणि स्वतः थापली. झोंबलं नाही. घरमालकीणबाई खालून ओरडल्या, तेव्हा मला हसू आलं.

मग हुरड्याचे दिवस आले आणि माझ्या लक्षात आलं, यंदा आबांनी "कधी येलालीस" विचारलेलंच नाही. पीकपाणी, थंडी, म्हैस, सगळं बोलले, हुरड्याचं नाव नाही. मी मायला विचारलं, गुळभेंडी पेरली नाही का?  "पेरत्येत की, दरसाल. मागल्या साली पन पेरली. पन कनीस खुडू देईनात कुनाला. पाखरं खाऊन गेली समदी."

मी त्याच आठवड्यात सुट्टी टाकली.

निलंग्याच्या स्टँडवर आबा आले होते. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. शेताच्या वाटेवर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. गिरणी, चार पोती, फोनवरचं खोटं. चालता चालता त्यांनी विचारलं, "त्यांनी खाल्ली का पर?" मी म्हटलं, खाल्ली, गोड आहे म्हणाले. "मग झालं. वाया न्हाई गेली." थोडं पुढं गेल्यावर परत म्हणाले, "पर मला वाटायचं, तू जेवत असशील." एवढंच. त्यांनी मला बोल लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

आगटी पेटली. माय, चुलती, शेजारपाजारचे, सगळे तेच. मी दोन वर्षं याच घटकेची वाट पाहिली होती. निखाऱ्यातून कणीस काढलं, तळहातावर घेतलं आणि चटका बसून टाकून दिलं. दुसरं घेतलं, तेही धरवेना. सगळ्या भेगा भरल्या होत्या, पण वर आलेली कातडी नवी होती, तिला आगटी माहीत नव्हती. चुलती माझ्याकडं बघत होती. मला इतकी लाज वाटली की पुन्हा उठून जावंसं वाटलं.

आबांनी ते कणीस उचललं. स्वतःच्या राठ हातावर चोळलं, फुंकर मारली. मग माझा हात ओढून उताणा केला आणि दाणे माझ्या तळहातावर ओतले. मला वाटलं, मला खायला देतायत. पण त्यांनी माझा हात तसाच आपल्यापुढं धरून ठेवला आणि त्यातून एकेक दाणा उचलून खायला लागले. सावकाश, सगळ्यांसमोर. थोड्या वेळानं चुलती सरकून जवळ आली आणि तिनंही चार दाणे उचलले.

मला कुणी राहायला कुठं विचारलं तर मी काळेवाडी सांगते, आणि ते खोटं नाही. तिथं माझा तवा आहे, चाचांच्या गिरणीत माझी ज्वारी दळायला ठेवलेली असते, आणि यंदाचं पोतं मी चार जिने स्वतः वर चढवलं. पण मी तिथली आहे का इथली, हा घोळ त्या दिवशी माझ्या डोक्यात नव्हता. हात न हलवता बसायचं, एवढं एकच काम होतं मला. आबांचं बोट नव्या कातडीला लागत होतं, खरखरीत.

हात रिकामा झाला. आबांनी तो सोडला नाही.

"आजून एक कनीस भाज," ते मायला म्हणाले.