पाइप न घातलेली भिंत

मेन बोर्डातला ट्रिप स्विच पडला की लोकांकडे फक्त दिवे जातात. आमच्याकडे सासूबाईंचा श्वास जातो. फुप्फुसं निकामी होत आलेली, त्यांना ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लागतं आणि ते मशीन विजेवर चालतं. श्रावण संपता संपता आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधला हा स्विच सारखा पडायला लागला. पडला की गॅसवरचं दूध, हातातला फोन, असेल ते टाकून मी धावायची आणि वर करायची. कधी राहायचा, कधी मेला पुन्हा पडायचा. तोवर त्या तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहायच्या. त्या बघण्याची मला इतकी धास्ती बसली की ठाण्याला खोपटच्या ऑफिसात मी सरळ रजा टाकली.

वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला आणि जुनी वायर ओढली. हलेना. भिंतीला पाय लावून ओढली, तरी हलेना. म्हणाला, "मॅडम, आत पाइपच नाहीये. वायर तशीच प्लास्टरमध्ये गाडलीये. ओल लागून कुठेतरी करंट गळतोय, म्हणून स्विच पडतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. हे कसं झालं असणार ते मला तोंडपाठ होतं. सासूबाईंची आवडती गोष्ट ती. अक्षय तृतीयेला वास्तुशांत ठरलेली, पत्रिका वाटून झालेल्या, गावाहून माणसं निघालेली, आणि इथे भिंतींचं प्लास्टरच बाकी! मग सासऱ्यांनी गवंड्याच्या मागे धोशा लावला आणि ओल्या भिंतींतच होम झाला. "पण मुहूर्त नाही हो चुकवला," असं त्या येईल त्या पाहुण्याला कौतुकाने सांगायच्या. पाइप यायचे होते आणि त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही, हे मात्र गोष्टीत कधी नव्हतं.

भिंत फोडायची तर धूळ, आणि धुळीपासून सांभाळा असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. त्यांना काही दिवस हलवावं तर नणंद राहते दिवा स्टेशनजवळ, चौथा मजला, लिफ्ट नाही, पाण्याची बोंब. म्हणजे एकच मार्ग उरला. जुनी वायर आत मरू द्यायची आणि भिंतीवरून उघडे पाइप टाकून सगळी नवीन ओढायची.

"माझ्या भिंतीवर पाइप लावायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा संसार ठाण्याच्या चाळीत सुरू झाला, तिथे खोलीभर लाकडी पट्ट्यांवरून वायरी फिरलेल्या. या घरात एकही वायर दिसत नाही, याचं त्यांना इतक्या वर्षांनंतरही अप्रूप होतं. "पुन्हा चाळीत नेतेस होय गं मला?"

"आई, जीव मोठा की भिंत?"

"घर माझं आहे."

संपलं! नवरा मूग गिळून बसला. वर वायरमनला विचारतो, "तोवर डायरेक्ट करता येईल का?" त्यानेही मुकाट एक जास्तीचा खटका बसवून दिला. तो वर केला की ट्रिप स्विच वगळला जाणार, करंट गळो नाहीतर काहीही होवो, वीज चालूच राहणार. मी घर डोक्यावर घेतलं. "अरे, ऑक्सिजनच्या नळीशेजारी ठिणगी उडाली म्हणजे? आईला जाळायचंय का तुला?" त्या खटक्यावर मी स्वतः चिकटपट्टी गुंडाळली.

तरी सामान मी आणलंच. दुकानदार म्हणतो, "भिंतीत जाणार ना? मग ही हलकी वायर घ्या, आत कोण बघतंय!"

"आत कोणी बघितलं नाही म्हणूनच ही वेळ आलीये आमच्यावर," मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचं गिऱ्हाईक मागे सरकलं. अस्सल तांब्याची, आयएसआय शिक्क्याची, जळलीच तर धूर कमी करणारी वायर घेतली. मशीनसाठी वेगळी लाइन आणि अर्थिंगची हिरवी वायरही घेतली. पाइप चपलेखाली दाबून बघितले, पिचले ते परत केले आणि जाड घेतले. सगळं गॅलरीत पडून राहिलं. सासूबाई तिकडे बघायच्याच नाहीत.

तेवढ्यात गणपती आले. अडीअडचणीला एक्स्टेन्शनने त्यांच्याकडची वीज देणारे समोरचे कोकणात गेले, दाराला कुलूप. गावातला एकूण एक वायरमन मंडपांच्या रोषणाईला जुंपलेला. मशीन थांबलं तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला छोटा सिलिंडरही संपला. नवरा तो भरून आणायला वागळे इस्टेटला गेला, आणि भर दुपारी स्विच पडला.

वर केला, पडला. पुन्हा केला, पडला. घरातली सगळी बटणं बंद करून केला, तरी पडला. नवऱ्याला फोन लावला तर तो शिळफाट्याला अडकलेला, गाडी जागची हलत नव्हती. सासूबाईंचे ओठ निळे पडत चालले. चादर मुठीत धरून "अगं... अगं..." एवढंच म्हणत होत्या. मी रडत होते. सासऱ्यांना, गवंड्याला, त्या मुहूर्ताला, या बाईच्या हट्टाला तोंडाला येईल ते बोलत होते आणि नखांनी चिकटपट्टी सोलत होते. खटका वर केला. मशीन घरघरायला लागलं.

हळूहळू त्यांच्या ओठांना रंग आला. मी पलंगाशेजारी, मशीनच्या बोर्डावरच्या भिंतीला तळवा लावून बसले. आत काय चाललंय ते कळायला दुसरं माझ्यापाशी काय होतं? भिंत कोमट लागत होती. मग चांगलीच गरम. मशीन बंद करावं तर त्या जातील, चालू ठेवावं तर दोघीही जाऊ. देवा, सोडव रे बाबा, म्हटलं, पण नक्की काय मागतेय ते माझं मलाच कळेना.

"भिंत काय धरून बसलीस?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तापतेय, आई."

त्यांचा विश्वास बसला नाही. हात लांब करून त्यांनी तो माझ्या हाताशेजारी टेकवला. त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून गं हे असं?"

मी गॅलरीतल्या पाइपांकडे बघितलं.

"लाव तुझे पाइप," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता लाव."

मी दुसऱ्या हाताने वायरमनला फोन लावला. त्याच्या मागे ढोल वाजत होते. "उद्या सकाळी नक्की येतो, मॅडम," तो ओरडून म्हणाला आणि फोन कट झाला.

"येतोय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"येतोय," मी म्हटलं, आणि भिंतीवरचा हात काढला नाही.