कमी भावात दिलेला बगीचा

बायकांना जोखीम कळत नाही, असं म्हणणाऱ्या माणसांत माझं अर्धं आयुष्य गेलं. माझ्या सासऱ्यांचं तर हे लाडकं वाक्य, आणि पुरावा म्हणून ते दाखला देतात माझाच. मी तिथेच उभी राहून ऐकते. मान खाली घालावी असं त्यात काही नाही.

कारंजा गावाजवळ आमचा संत्र्याचा बगीचा. नवरा गेल्यावर बांधाच्या अलीकडची झाडं माझ्या नावावर आली, पलीकडची सासऱ्यांची. फळं हिरवी असतानाच, जानेवारीच्या सुमारास, व्यापारी बगीचे पाहत फिरतात आणि झाडावरच माल ठरवून टाकतात. थोडा इसार हातावर ठेवायचा, बाकीचे पैसे तोडणीला. मधल्या काळात गारपीट झाली की व्यापारी इसारावर पाणी सोडतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. कोणी भांडायलाही जात नाही. म्हणजे माल विकला तरी गारेची भीती तुमच्याच उशाशी, आणि याला लोक सौदा म्हणतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलगी बारावीला होती आणि नर्सिंगला जायचं म्हणून हटून बसली होती. सासऱ्यांनी आर्वीकडचं एक स्थळ हेरून ठेवलेलं. त्यांची अट सरळ होती: जूनमध्ये फी हातात असेल तर शिकू दे, नसेल तर लग्न. माझ्याकडे त्या झाडांशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

त्या जानेवारीत व्यापारी आमच्या अंगणात आला. तो आणि सासरे बाजेवर बसले, दोघांचे हात दुपट्ट्याखाली. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नसत; दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवत, म्हणजे बाजूला बसलेल्यालाही कळू नये. आता परक्या माणसाच्या हातात मी कशी बोटं देणार? त्यामुळे माझ्या झाडांचा भावही सासरेच करत. थोड्या वेळानं त्यांनी हात बाहेर काढला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "नाई जमत. होळीपर्यंत थांबतो आमी. भाव डबल होते."

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले होते. तो खाली ठेवला.

"भाऊ, माह्या झाडाचा भाव मले सांगा. अन् तोंडानं सांगा."

व्यापारी गडबडला. "बाई, असं मोठ्यानं नाई सांगत. साऱ्या गावाले कळते."

"कळू द्या. मले इसार नाई पायजे. सगळे पैसे आजच द्या. गार पडली तर तुमची, भाव वाढला तर तोबी तुमचा."

त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं आणि चांगला कापून भाव सांगितला. मी हो म्हटलं.

"बह्याड झाली काय तू?" सासरे ओरडले. "पाण्यात घालून राह्यली माल!"

वेडी नव्हते मी. चुलीपुढे बसून कितीतरी दिवस मी हाच विचार केला होता. थांबलो आणि भाव वाढला, तर घरात काय येणार? विहिरीवर नवा पंप, फार तर मोटारसायकल. थांबलो आणि गार पडली, तर मुलगी आर्वीला जाणार. ही दोन्ही पारडी सारखी आहेत असं ज्याला वाटतं, त्यानं मला जोखीम शिकवू नये. पंप पुढच्या सालीही घेता येतो.

गार पडली नाही. होळीला भाव खरंच दुप्पट झाला. सासऱ्यांच्या दारात मोटारसायकल आली आणि सगळीकडे माझी टर उडू लागली. बस स्टँडवरही लोक म्हणत, "काकू, एखादं झाड आमालेबी द्या तुमच्या भावात." जूनमध्ये मुलगी होस्टेलला गेली, पूर्ण कोर्सची फी मी पोस्टात टाकून ठेवली होती, तरी टर चालूच. माझा नुसता संताप व्हायचा. पैसे गेले म्हणून नाही. ही माणसं मार्चमधलं स्वच्छ आभाळ पाहून माझ्या जानेवारीला मूर्ख ठरवत होती, म्हणून.

पुढच्या साली तोच व्यापारी पुन्हा आला, थेट माझ्याकडे. मी नाही म्हटलं. थांबते म्हटलं. आणि त्याच साली गार आली. अलीकडच्या आणि पलीकडच्या झाडांखाली सारखाच सडा पडला.

सासऱ्यांना तर आयतंच मिळालं. "मांगच्या साली भेली, अन् यंदा कशी धीट झाली?"

"मांगच्या साली बगीच्यात पोरीची फी होती, मामाजी. यंदा निस्ते संत्रे होते."

त्यांना ते पटलं नाही. कोणालाच पटलं नाही. दोन्ही वेळा मी हरले, असंच सगळे धरून चालतात. दोन्ही वेळा मी बरोबर होते, आणि हे म्हणायला मला कोणाची साक्ष लागत नाही.

मुलगी सेवाग्रामच्या दवाखान्यात लागली. एकदा सुटीला घरी आली असताना जेवताना सासऱ्यांनी पाहुण्यांना पुन्हा तीच गोष्ट रंगवून सांगितली. पाहुणे हसले. मुलीनं विचारलं, "आबाजी, त्या साली गार पडली असती तर माहं काय झालं असतं?"

"पडली नाई ना."

"पडली असती तर?"

"लगन झालं असतं तुहं. दुसरं काय." इतकं सहज म्हणाले आणि भाताला वरण मागितलं.

मुलीनं हातातला घास ताटात परत ठेवला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना वरण मीच वाढलं. तो जानेवारी पुन्हा आला तर पुन्हा तेवढ्यातच देईन. व्यापारी त्याहून अर्धा भाव म्हणाला असता तरी दिला असता. हे त्या दिवशी त्याला कळू दिलं नाही, एवढाच काय तो मी भाव केला.